आक्का, पंप एकाचा की तीनाचा?

आक्का, ऐक. मधे बोलू नकोस. आयुष्यभर मी वाक्य अर्धं टाकलं की उरलेलं तू पुरं करायचीस, आणि नेहमी माझ्या विरुद्ध पुरं करायचीस. आज मला शेवटापर्यंत जाऊ दे.

मंडळाच्या लोकांनी सांगितलं, दामूकाका, अंकात आक्कांवर तुम्हीच लिहा, तुम्ही सख्खे भाऊ. जन्म कधी, लग्न कधी, मागे कोण कोण, असलं सगळं ते फोटोखाली चौकटीत टाकणार आहेत. फोटो तुझ्या लेकीने, मंगलने दिलाय, कुठल्याशा लग्नातला. त्यात तू ओळखूच येत नाहीस, पावडर लावलीय. ते त्यांचं त्यांना करू दे. मी चौथी शिकलेला माणूस. पेन धरलं की बोटं आखडतात. दोन ओळी लिहितो, उठतो, गॅलरीत जातो, खाली सोसायटीच्या पंपाचा आवाज ऐकतो, बेअरिंग गेलंय त्याचं, कोणाला सांगून उपयोग नाही, परत येऊन बसतो. घरातले म्हणतात, बसा की जरा एका जागी. बसवत नाही. तू गेल्यापासून मला कुठेच बसवत नाही. बोरिवलीत असलो की वाटतं वाडीवर जावं. लाँच पकडून खाडी ओलांडली, गोराईला उतरलो, वाडीच्या फाटकाशी पोचलो की वाटतं, चला, घरी जाऊ. लाँचवाला हसतो. म्हणतो, काका, पास काढा आता.

कारण तुला माहीत आहे. पंप.

तुझं माझं भांडण अर्ध्यात राहिलंय. विहिरीवर सोलरचा पंप बसवायचा, इथपर्यंत आपलं एकमत होतं. एवढं एकमत आपलं बापाच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच झालं असेल. पण पंप केवढा? मी म्हणत होतो तीन हॉर्सपॉवरचा. तू म्हणत होतीस एकाचा. मंगल बिचारी एकदा म्हणाली, मग मधला दोनाचा घ्या ना, तर आपण दोघांनी मिळून तिला गप्प केलं.

आणि तू चैत्रात निघून गेलीस. आता वैशाख लागलाय. वांग्यांची पानं दुपारी माना टाकतात. डिझेलचं ते जुनं इंजिन मंगलच्या हाताला दाद देत नाही. माझ्या खांद्यात हँडल मारायची ताकद राहिली नाही. पंप लवकर आला नाही तर वाडी वाळेल, आणि चुकीचा आला तर विहीर जाईल. आपल्या वाडीत दुसरं पाणी नाही. आणि ठरवायचं मी एकट्याने? ही काय पद्धत झाली, आक्का? भांडण सुरू करायचं दोघांनी आणि मिटवायला मी एकटा?

तुला सांगायला नको, पण अंक वाचणाऱ्यांना कळावं म्हणून लिहितो. आपली वाडी म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. मधे आपली विहीर, तीही गोड्या पाण्याची. हे गोडं पाणी म्हणजे दुधावरच्या सायीसारखं. वर गोडं, खाली खारं. बेताबेताने काढलं तर वरचंच येत राहतं. एकदम खेचलं की खालचं खारं वर चढतं, आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. पलीकडच्या वाडीवाल्याने मोठी मोटर बसवली होती. दोन उन्हाळे झकास भाजी काढली त्याने. आता त्याच्या विहिरीवर फक्त गाड्या धुतात, आणि त्याच्या माडांना नारळ येतात ते मुठीएवढे.

तू ते माड मला दाखवायचीस. मी म्हणायचो, त्याचा झराच फुटका होता. तू म्हणायचीस, झरा फुटका नव्हता रे, तो फुटका होता.

तू गेल्यावर लोक येतात, सांगतात, आक्का शांत बाई होती. मी ऐकून घेतो. शांत? मला टोमणा मारताना तुझा आवाज खाडीपलीकडे जायचा. आणि टोमणा एकच. ‘तुझा टँकर येणार आहे का इथे भरायला?’

तो मला लागायचा. का नाही लागणार? मी टँकर चालवला म्हणून अर्ध्या बोरिवलीने आंघोळ केलीय. नळ कोरडे पडले की सोसायट्यांचे सेक्रेटरी गेटावर येऊन उभे राहायचे. मी वळणावर दिसलो की वॉचमन शिट्टी मारायचा, वरून बायका खिडक्यांत यायच्या. कुठल्या राजाला एवढा मान मिळाला असेल? आणि टँकरवाल्याला पंप कसा कळतो? पाइपातून धार सुटली की तिच्यासमोर तळहात धरायचा. हात मागे फेकला गेला तर पंप चांगला. हात जागच्या जागी राहिला तर तो पंप नाही, पिचकारी. टँकर भरायला जेवढा वेळ कमी तेवढा पंप मोठा. मी सगळ्या हयातीत पंप असाच पारखला. विहीर मागे काय करते हे बघायला कोण थांबतं? आपण भरून निघालेलो असतो.

तुझी पारख निराळी. तू रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी विहिरीत कळशी सोडायचीस, ओंजळभर पाणी तोंडात घोळवायचीस, चूळ टाकायचीस, आणि मनगटाने ओठ पुसायचीस. इंजिन थांबवायच्या आधी पाइपाखालून परत एकदा. बाया भाताचं शीत दाबून बघतात तसं. मधेच कधी म्हणायचीस, ‘बंद कर. लागायला लागलं.’ मी चव घ्यायचो. मला काही लागायचं नाही. मी म्हणायचो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. इंजिन तरी बंद करायचो. ते एक करायचो, हे लिहून ठेव.

कांदिवलीहून सोलरवाल्यांची ती मुलगी आली होती तो दिवस आठवतो? सायली. हातात फोन, पायात बूट, फाटकातून आली ती माडाच्या झावळ्यांकडे बघतच आली. मला वाटलं शहाळं मागते. ती प्लेटांवर कुठल्या सावल्या पडतील ते बघत होती. मग मला म्हणाली, ‘नमस्कार काका.’ आणि तुला, ‘नमस्कार आजी.’

‘ह्याला काका आणि मला आजी?’ तू जुडी बांधता बांधता थांबलीस. ‘अगं, दोनच वर्षांनी मोठी आहे मी ह्याच्याहून.’

‘सॉरी आजी.’

‘परत आजी!’

‘मग काय म्हणू?’

‘आक्का म्हण. हा केस रंगवतो म्हणून फसू नकोस.’

त्या पोरीने हसू दाबलं. माझ्या केसांचा तिथे काय संबंध होता? पण ते जाऊ दे.

तिने एकेक विचारलं. भाजी कुठली करता, जमीन केवढी, उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं, तिथून वर कुठपर्यंत चढवायचं. आपण नीट उत्तरं दिली. मग तिने विचारलं, ‘आणि विहिरीला पाणी किती येतं?’

मी म्हणालो, ‘भरपूर.’ तू म्हणालीस, ‘बेताचं.’ एकाच वेळी.

सायलीने आपल्या दोघांकडे बघितलं. ‘विहीर एकच आहे ना?’

मग तिने समजावलं. ऊन दिवसभर दिसतं, पण सोलरच्या प्लेटांना खरा जोर येतो तो सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत. तेवढ्यात दिवसाचं पाणी वर आलं पाहिजे. मोठा पंप ते भराभरा काढेल, छोटा सावकाश काढेल. पण विहीरच सावकाश भरत असेल तर मोठ्या पंपाचं कौतुक काय? म्हणून आधी विहीर बघायची, मग पंप.

मी म्हटलं, ‘पाणी खाली गेलं की पंप आपोआप बंद करणारी तार असते ना? ती लावा. आणि तीनाचा द्या.’

तू वर न बघता म्हणालीस, ‘तारेला पाणी कळेल. खारं कळेल का?’

‘नाही कळणार,’ सायली म्हणाली. ‘ती फक्त पाणी आहे की नाही तेवढंच बघते.’

‘बघ.’

‘तू गप.’

‘मी गप बसले तर तुझा टँकर येईल इथे भरायला.’

झालं. आला टँकर.

पण मीही काही कच्चा नाही. माझा मुद्दा काय होता ते तू कोणाला कधी सांगितलं नाहीस, म्हणून आता छापून येऊ दे. आपली वाडी उताराची, पाट मातीचे, आणि तुझा तो कोपऱ्यातला लाल माठाचा वाफा विहिरीपासून सगळ्यात लांब. एकाच्या पंपाची बारीक धार पाटात सोडली तर ती अर्ध्या वाटेतच जिरेल. माती पिईल, माठ बघत बसेल. मी हे तुला चारदा विचारलं, आक्का. बारीक धार शेवटच्या वाफ्याला पोचणार कशी? तू दरवेळी एकच उत्तर दिलंस. ‘पोचेल.’ हे काय उत्तर झालं? पोचेल!

मी म्हटलं, मग हौद बांध. दिवसभर पंपाने हौद भरायचा, संध्याकाळी मोठी तोटी उघडून एकदम सोडायचं. पाणी धावत जाईल. पण हौद उंचावर हवा, आणि वाडीत उंच जागा एकच, घरामागची चिंच. तिथे तुझी खाट. दुपारची तू तिथे आडवी व्हायचीस, तिथून तुला विहीरही दिसायची, फाटकही, आणि मी येतोय की नाही तेही. तू म्हणालीस, ‘हौदाला माझी जागा देणार नाही. मग माझी खाट काय तुझ्या डोक्यावर टाकू?’ मी म्हणालो, ‘टाक, नाहीतरी बसलीच आहेस.’ त्यावर तू माठाची जुडी फेकून मारलीस. ती मी घरी नेली. भाजी चांगली झाली होती.

दिवाळी झाली तशी मी विहिरीची चाचणी लावली. सगळी सकाळ इंजिन धडधडत ठेवलं. पाणी हाताभरही खाली गेलं नाही. मी विहिरीला फेऱ्या मारत होतो, दर फेरीला तुला ओरडून सांगत होतो, ‘बघ! बघ!’ तू पायरीवर बसून जुड्या बांधत होतीस. इंजिन बंद झाल्यावर कान मोकळे झाले तेव्हा बोललीस. ‘झाली का चाचणी? आता हीच वैशाखात कर.’

‘वैशाखापर्यंत कोण थांबतं?’

‘विहीर थांबते. तुला काय झालंय?’

मला थांबता येत नाही हे तुला माहीत होतं. लहानपणापासून. ह्याच विहिरीत तू मला पोहायला शिकवलंस. माझ्या पाठीला सुक्या नारळांची जोडी बांधलीस आणि म्हणालीस, उतर पायऱ्यांवरून. मी पायऱ्या सोडून वरूनच उडी मारली. नारळ एकीकडे, मी एकीकडे. तू परकरासकट आत आलीस. बाहेर काढलंस, एक थोबाडीत दिलीस, आणि परत नारळ बांधलेस. रडायलासुद्धा वेळ दिला नाहीस. पुढे मी शहरात आलो, टँकर घेतला, लोकांना वाटायचं ह्याला पाण्याची भीती कशी नाही. कशी असेल? माझी भीती तू पहिल्या दिवशीच काढून टाकलीस. थोबाडीत मारून का होईना. ह्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती. म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, दामू, ताप आहे का तुला?

ताप तुला आला. बोरिवलीच्या दवाखान्यात तुला आणलं तेव्हाही वाटलं नव्हतं की परत लाँच नाही. तिथे तुझ्या उशाशी बंद बाटलीतलं पाणी ठेवलेलं. तू एक घोट घेतलास आणि तोंड वाकडं केलंस. ‘ह्याला चवच नाही. उकडलेल्या हवेसारखं लागतंय. दामू, विहिरीचं आण.’

मी लगेच निघालो. डॉक्टर देतील न देतील, विचारलंही नाही. लाँचने पलीकडे गेलो. वाडीवर मंगलने शेजाऱ्याला बोलावून इंजिन चालवलं होतं. मी पाइपाखाली बाटली धरली, भरली, तसाच परत. तुला वाटीत ओतून दिलं. तू डोळे मिटून तोंडात घोळवलंस, गिळलंस, बरं वाटल्यासारखं केलंस. आणि मग म्हणालीस, ‘इंजिनाखालचं आहे ना हे? कळशीने वरचं काढायचं होतं. किती वेळ चालू होतं ते?’

मी म्हटलं, ‘पी गं मुकाट्याने.’

तू प्यायलीस. मुकाट्याने. माझं ऐकलेलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

नंतर सगळं कार्य झालं, माणसं पांगली, आणि मंगल मला म्हणाली, ‘मामा, पंपाचं काय?’ मी म्हटलं, बघू. फोन उचलायचो, सायलीचा नंबर काढायचो, ठेवून द्यायचो. तीन सांगायला कोणाची आडकाठी नव्हती. हीच पंचाईत होती. टँकरला समोरून गाडीच नाही असा रस्ता मिळाला तर मला झोप यायची. इथे उलटं झालं, झोपच उडाली. चिंचेखालची जागाही रिकामी. हौद बांधायला आता कोण नको म्हणणार? गवंडी तयार होता. मी त्याला दोनदा बोलावलं आणि दोनदा चहा पाजून परत पाठवलं.

शेवटी मी सायलीला बोलावलं. म्हटलं, वैशाख लागलाय, चाचणी घेऊ. ती म्हणाली, ‘पण काका, चाचणी तर झालीय ना तुमची?’ मी म्हटलं, ‘ती दिवाळीची होती.’ तिने लगेच दिवस ठरवला. हुशार पोरगी आहे.

ती आली, बरोबर मेकॅनिक. त्याने हँडल मारलं, इंजिन लागलं. सायलीने विहिरीच्या दगडावर खडूने रेघ मारली. तिच्याकडे पेनाएवढं यंत्र होतं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं, आकडा चढला की खारं वाढलं. मी म्हटलं, यंत्र राहू दे, मी आहे ना. आणि पाइपाखाली ओंजळ धरली. तुझ्यासारखं घोळवलं, तुझ्यासारखी चूळ टाकली. काही कळलं नाही. परत धरली. काही नाही. आक्का, सगळ्या हयातीची तंबाखू. जिभेची पार वाट लागलीय. मला गोडं, खारं, सगळं सारखं. मी तुला मनाचे खेळ म्हणायचो तेव्हा माझी जीभ कुठे होती शुद्धीवर? मला पंपाचा आवाज ऐकून त्याचं वय सांगता येतं, धारेवरून पाइपातली गळती सांगता येते. पण ह्या विहिरीला जे लागत होतं ते माझ्याकडे नव्हतंच.

मंगल वाफ्यातून उठून आली. तिने हाताची माती झटकली. पाइपाखाली हात धरला, तोंडात घेतलं, चूळ टाकली आणि मनगटाने ओठ पुसले.

मी बघतच राहिलो. तेच मनगट. तीच तऱ्हा. कधी शिकवलंस तू तिला? की तिने नुसतं बघितलं?

‘चालू दे अजून,’ ती म्हणाली, आणि परत वाफ्यात गेली. काही वेळाने आली. परत तेच. ‘चालू दे.’ सायली यंत्र बुडवत होती, मान हलवत होती. रेघेखाली दगड उघडे पडत चालले होते, दिवाळीला जे दिसले नव्हते ते. शेवाळ असलेले, मग बिनशेवाळाचे. आपण नारळ बांधून उतरायचो ती पायरी, मग तिच्याखालची, मग आपण कधी पाय न लावलेली. मंगलने पुन्हा ओंजळ घेतली आणि तोंड वाकडं केलं.

‘मामा, बंद करा. लागायला लागलं.’

‘हो,’ सायली म्हणाली, ‘इथेही चढायला लागलाय आकडा.’

मी इंजिन बंद केलं. ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं.

मग भरायची वाट बघायची. सायली म्हणाली, किती वेळात किती वर येतं त्यावरच सगळं. ती चिंचेखाली बसली, मेकॅनिक झोपला. मी विहिरीला फेऱ्या घालायला लागलो. पूर्वेच्या कपारीतून पाणी येत होतं, पण येत होतं म्हणजे काय, दगड नुसता ओला होत होता. टँकर भरताना मी असं बघितलं असतं तर विहीरवाल्याला शिव्या घातल्या असत्या. दोन फेऱ्या मारल्या, फाटकापर्यंत जाऊन आलो, पुन्हा वाकून बघितलं. तेवढंच.

‘मामा, बघून बघून वर येत नाही ते,’ मंगल म्हणाली, आणि माझ्यासमोर चिंचांनी भरलेलं पाखडायचं सूप ठेवलं. ‘चिंचोके काढा.’

मला! टँकरवाल्या दामूला! पण काय करणार, बसलो पायरीवर, तू बसायचीस तिथेच. चिंच फोडायची, चिंचोका टाकायचा, खाली बघायचं. बोटं चिकट झाली. दुपार सरली. अर्धं सूप झालं तेव्हा खाली एक उघडा दगड बुडाला होता. उरलेलं सूप संपलं तेव्हा दुसरा. तेव्हा मला कळलं, आक्का, तू दिवसभर इथे बसून नुसत्या जुड्या बांधत नव्हतीस.

सायलीने हिशोब मांडला. तीनाचा बसवला तर रोज दुपारच्या आतच विहीर तळाला नेऊन ठेवेल, आणि मागोमाग खारं. एकाचा उन्हाबरोबर हळूहळू चालेल, झरा त्याला पुरून उरेल. एवढं सांगून ती म्हणाली, ‘पण काका, धारेचं तुमचं बरोबर आहे. बारीक धार त्या लांबच्या वाफ्याला पाटाने पोचणार नाही. हौद हवाच.’

ऐकलंस? पोचणार नाही. त्या पोरीचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी मंगलकडून दोनदा वदवून घेतलं की तिने ते ऐकलं म्हणून.

संध्याकाळच्या लाँचची वेळ झाली. सायली फाटकात उभी राहिली, फोन हातात. ‘मग काका, ऑर्डर टाकते. तीन की एक?’

मला उत्तर माहीत होतं. सगळा दिवस मी ते दगडागणिक बुडताना बघितलं होतं. पण तोंड उघडलं आणि जे इतके महिने बोलत आलो तेच बाहेर पडलं.

‘तीन.’

आणि थांबलो. चिंचेखालच्या खाटेकडे तोंड करून थांबलो. मी तीन म्हटलं की तिकडून एक यायचं, मग मला पुढचं सुचायचं. काही आलं नाही. सायली बघत होती. मेकॅनिक पिशवी सावरत होता. मला वाटलं, झालं, आता हे असंच. आता मी जे म्हणेन ते होणार. एवढी भीती मला त्या विहिरीतसुद्धा वाटली नव्हती.

वाफ्यातून आवाज आला. मंगल वाकलेली होती, तिने मान वर केली नाही.

‘एक.’

‘तीन म्हटलं ना मी?’

‘तुमचा टँकर येणार आहे का, मामा, इथे भरायला?’

आक्का, असा भांडलो मी तिच्याशी! पार आपल्या आजीपर्यंत गेलो. तिनेही एक सोडलं नाही, केस रंगवण्यावर आली. सायली म्हणाली, काका, लाँच सुटेल. मी म्हटलं, सुटू दे. लाँच सुटली. पुढच्या लाँचने गेलो. आणि त्या लाँचमधे तू गेल्यापासून पहिल्यांदा मी सीटवर बसलो. पलीकडचा धक्का येईपर्यंत बसून राहिलो.

पंप एकाचा येतोय. तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही, तू तशी वाट बघू नकोस. आणि ती बाटली. हो, इंजिनाखालचीच होती. बराच वेळ चालू होतं ते. तू ओळखलं होतंस, मी नुसतं हो म्हणायला हवं होतं.

हौद मात्र मी म्हणतो तेवढाच होणार, जराही लहान नाही. चिंचेखाली नाही. पलीकडच्या कुंपणाशी बांधतोय. तिथे जागा सखल आहे, चौथरा माणसाएवढा उंच घ्यावा लागेल, गवंडी कुरकुरतोय. कुरकुरू दे. तुझी खाट आहे तिथेच आहे.